सड्यावर चार तासांची शर्यत भरवायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यातल्या तुम्हा मुलांना गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चार तासांची मोटार शर्यत भरवायची आहे. वीस-बावीस गाड्या, जुन्या मारुती ८०० पासून जिप्सी आणि थारपर्यंत, एका गाडीला दोन-तीन ड्रायव्हर. फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत तुम्ही दरवर्षी रात्र जागून बघता. तिथले स्लो झोन, सेफ्टी कार, गाड्यांचं वजन आणि ताकद वरून ठरवून देणं, हे पाहून तुमच्यातल्या काहींना वाटतं की सुरक्षेच्या नियमांनी शर्यतीतली चुरस घालवली. म्हणून आपल्याकडे नियम कमीत कमी ठेवले तर चालेल का, असं विचारलंत.

मी आता रत्नागिरीत गॅरेज चालवतो. त्याआधी बरीच वर्षं दुबईत वर्कशॉपला होतो आणि सुट्टीच्या दिवशी दुबई ऑटोड्रोमवर मार्शल म्हणून, म्हणजे कडेला थांबून झेंडे दाखवायला आणि अडकलेली गाडी हलवायला, उभा राहायचो, तिथल्या २४ तासांच्या शर्यतीलाही. ट्रॅकच्या कडेला उभं राहून जे दिसतं त्यावरून सांगतो: नियम कमी करू नका. पण कुठला नियम कशासाठी आहे ते आधी नीट समजून घ्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धोका आणि चुरस एकाच जागेतून येतात. ती जागा म्हणजे गाड्यांच्या वेगातला फरक.

ल माँचाच हिशेब मांडू. ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा. २०२४ साली ६२ गाड्या सुटल्या: २३ हायपरकार (सगळ्यात वेगवान वर्ग), १६ एलएमपी-२ (मधला वर्ग) आणि २३ जीटी-३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या, सगळ्यात हळू). हायपरकारचा शर्यतीतला लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा, ढोबळमानाने साडेतीन मिनिटांचा धरा आणि जीटी-३ चा चार मिनिटांचा. म्हणजे दर सात-आठ लॅपमागे एक हायपरकार प्रत्येक जीटी गाडीला एकदा गाठते. गाड्या तेवीस, म्हणजे प्रत्येक लॅपला सरासरी तीन जीटी गाड्या ओलांडायच्या, त्यात एलएमपी-२ वेगळ्या. हे रात्री, पावसात, दमलेल्या अंगाने, चोवीस तास. आणि जीटीतल्या काही ड्रायव्हरांना ब्राँझ दर्जा असतो, म्हणजे पोटापाण्याचा धंदा वेगळा आणि गाडी हौसेने चालवणारे. जो हायपरकारवाला या गर्दीतून लॅपमागे अर्धा सेकंद कमी गमावतो तो शर्यत जिंकतो. हा फरक काढून टाकला तर एन्ड्युरन्स रेसिंग, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, उरतच नाही. आणि मोकाट सोडला तर माणसं मरतात.

१९५५ साली तेच झालं. ११ जूनची संध्याकाळ. माइक हॉथॉर्नची जॅग्वार नुकतीच लान्स मॅक्लिनच्या हळू ऑस्टिन-हीलीला ओलांडून पुढे आली होती आणि पिटला, म्हणजे पेट्रोल-दुरुस्तीच्या जागेला, थांबण्यासाठी तिने ब्रेक मारला. मॅक्लिन तिला चुकवायला डावीकडे सरकला. मागून त्याच्याहून बऱ्याच जास्त वेगाने येणाऱ्या पिअर लवेगच्या मर्सिडीजला जागाच उरली नाही. ती हीलीच्या मागच्या उतारावर चढली, उडाली आणि बांधावर आपटून तिचे तुकडे गर्दीत शिरले. लवेग गेला आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. त्या काळी पिट म्हणजे त्याच रस्त्याची उजवी कड होती, मध्ये भिंत नाही, वेगळी लेन नाही. थांबायला आलेली गाडी आणि भरधाव जाणारी गाडी एकाच डांबरावर. पुढच्या वर्षीपर्यंत पिटचा भाग पाडून नव्याने बांधला, प्रेक्षकांचे स्टँड मागे घेतले. स्वित्झर्लंडने तर सर्किटवरच्या शर्यतींवरच बंदी घातली. ही हकीकत तुम्हाला माहीत असेल, पण आता ती तुमच्या ट्रॅकचा आराखडा समोर ठेवून पुन्हा वाचा. तुमच्या आराखड्यात पिटमधून बाहेर पडणारी गाडी सरळसोट पट्ट्याच्या मध्यावर ट्रॅकला लागते. तिथे आजही १९५५ ची मांडणी आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या सड्याच्या आणखी जवळचं आहे. २०१४ ची अमेरिकेतली डेटोनाची २४ तासांची शर्यत. मात्तेओ मालुचेल्लीची फेरारी बिघाडामुळे एकदम मंदावली होती. मागून मेमो गिडलीची प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेली वेगवान गाडी, आली. सूर्य खाली आला होता, थेट डोळ्यांवर. पुढच्या गाडीला ओलांडायला गिडली बाजूला निघाला आणि समोर ती फेरारी, जवळजवळ उभीच. त्याने ब्रेक मारल्याचं दिसतच नाही. दोघे वाचले, पण गिडलीला सावरायला फार काळ गेला. आता तुमचा सडा बघा. लांब पट्टा पूर्व-पश्चिम आहे, शर्यत दुपारी दोनला सुरू करून सहाला संपवायची म्हणता. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य समुद्रात जातो. शेवटचा दीड तास, जेव्हा ड्रायव्हर सगळ्यात दमलेले आणि सगळ्यात इरेला पेटलेले असतील, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत ऊन आणि काचेवर लाल धूळ. शर्यत सकाळी आठला सुरू करून बाराला संपवा, किंवा लांब पट्टा दक्षिणोत्तर घ्या. दोन्ही जमलं तर फार बरं. सकाळी लवकरचं ऊन पूर्वेकडून डोळ्यांवर येतं, तेवढं वळण तपासून घ्या.

आकड्यात सांगतो. ताशी ८० ने येणारी जिप्सी आणि पंक्चर होऊन ताशी २० ने लंगडत चाललेली मारुती. फरक ६० चा, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धुळीमुळे ती ५० मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंद. त्यातला एक सेकंद नुसता कळण्यात जातो. म्हणून वेगाची मर्यादा घालण्याआधी लंगडी गाडी ट्रॅकच्या कुठल्या कडेने जाणार आणि कुठल्या फटीतून बाहेर पडणार, हे ठरवा आणि प्रत्येक ड्रायव्हरकडून ते तोंडी म्हणवून घ्या. ट्रॅकभर चार-पाच ठिकाणी बाहेर निघायच्या वाटा हव्यात.

आता मार्शल. तुम्ही लिहिलंय की वळणांवर ‘दोन-दोन पोरं झेंडे घेऊन’ उभी करू. ती पोरं कशी उभी राहणार हे लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच ठरतं. पोस्टवर, म्हणजे मार्शलच्या ठरलेल्या जागेवर, पिवळा झेंडावाला आणि निळा झेंडावाला एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात. निळावाला येणाऱ्या गाड्यांकडे बघतो: मागून कोण जोरात येतंय, पुढच्याला सांगायचं का. पिवळावाला गाड्या जातात त्या दिशेला बघतो: पुढे कोणी फिरलं का, अडकलं का, दगड आला का. त्यामुळे प्रत्येकाची पाठ दुसऱ्याच्या नजरेखाली असते. निळावाला ओरडला की पिवळावाला न बघता आडोशामागे जातो. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून एकटा माणूस कधीच उभा राहत नाही, तळहातावर मोबाइल घेऊन तर नाहीच. गाडी अडकली की धावत सुटायचं नाही. पोस्टप्रमुख शिट्टी देईल तेव्हाच जायचं, तोपर्यंत पाय हलवायचा नाही. रात्री मी दुबईला हेडलाइटच्या उंचीवरून आणि दोन दिव्यांमधल्या अंतरावरून गाडी ओळखायला शिकलो: खाली आणि रुंद असेल तर वेगवान, उंच आणि अरुंद असेल तर हळू. तुम्ही दिवसाउजेडी शर्यत घेताय, तर गाड्यांच्या बॉनेटवर आणि काचेच्या वरच्या पट्टीवर वर्गाप्रमाणे ठळक रंग द्या. मार्शलला तोच लांबून दिसतो, आणि पुढच्या ड्रायव्हरला आरशात तोच दिसतो.

कपड्यांकडेही लक्ष द्या. २०१७ ला ल माँमध्ये टोयोटाची आघाडीवरची गाडी पिटच्या तोंडाशी लाल दिव्याला थांबली होती. दुसऱ्याच एका संघाचा ड्रायव्हर कौतुकाने तिच्याजवळ गेला आणि अंगठा दाखवला. त्याचे कपडे मार्शलच्या कपड्यांसारखे नारिंगी. टोयोटातल्या कामुई कोबायाशीला वाटलं, निघायला सांगतायत. तो निघाला, त्याला पुन्हा थांबवलं, पुन्हा निघाला. या निघण्या-थांबण्यात क्लच जळाला आणि थोड्या वेळाने गाडी बाद झाली. एका शर्टाच्या रंगाने शर्यत गेली. तुमच्याकडे मार्शलचा रंग दुसऱ्या कोणाच्याही अंगावर दिसता कामा नये.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो, चुरशीच्या. अपघात झाला की शर्यत मंद करायचे चार मार्ग आहेत आणि चारही वेगळे न्याय करतात. सेफ्टी कार सगळ्यांच्या पुढे हळू चालते आणि त्यांना एकामागे एक गोळा करते. कमावलेली मिनिटभराची आघाडी एका क्षणात जाते. तुमच्या पोरांची चीड इथलीच आहे आणि ती खोटी नाही. २०२४ ला ल माँला पावसामुळे रात्री चार तासांहून जास्त वेळ सेफ्टी कार होती. शेवटी नऊ गाड्या आघाडीच्या लॅपवर संपल्या आणि फेरारी टोयोटाच्या १४ सेकंद पुढे. त्या चुरशीतला काही भाग सेफ्टी कारने दिलेला होता, हे मान्य करायला हवं. पण कडेला उभा असलेला माणूस सेफ्टी कारकडे वेगळ्या नजरेने बघतो. गाड्या एका घोळक्यात गेल्या की मध्ये दोन-तीन मिनिटं रस्ता पूर्ण रिकामा मिळतो. वाकलेला बॅरियर सरळ करायचा असेल तर तेवढा रिकामा वेळ लागतोच. फुल कोर्स यलोमध्ये, म्हणजे पूर्ण ट्रॅकवर पिवळा इशारा असताना, सगळे ताशी ८० ने जातात, अंतरं तशीच राहतात, ड्रायव्हरला न्याय मिळतो. पण गाड्या ट्रॅकभर विखुरलेल्या असल्याने मार्शलला सलग मोकळा वेळ मिळत नाही. स्लो झोन म्हणजे तेवढ्याच तुकड्यापुरती ८० ची मर्यादा. २०१३ ला शर्यत सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असताना तर्त्र रूजच्या वळणावर ड्रायव्हर अ‍ॅलन सिमन्सन गेला. पुढच्या वर्षीपासून ल माँला स्लो झोन आले. इतक्या लांब ट्रॅकवर एका वळणासाठी सगळ्यांना गोळा करणं दोन्ही अर्थांनी तोट्याचं होतं. चुरस राखून सुरक्षा वाढवणारा म्हणून मला हा सगळ्यात शहाणा नियम वाटतो.

दुबईच्या शर्यतीत कोड ६० चालतो. जांभळा झेंडा निघाला की सगळीकडे ताशी ६०, ओव्हरटेक बंद, सेफ्टी कार नाही. तिथे पेट्रोल स्वतःच्या पिटमध्ये भरत नाहीत, सगळ्या गाड्या एकाच सामाईक पंपावर जातात. जांभळा झेंडा दिसला की अर्धे संघ पंपाकडे वळतात. तो डाव ज्याला साधला त्याचं फावतं, ज्याची टाकी नुकतीच भरली त्याचं नुकसान. सगळ्यांना सारखा न्याय देणारा नियम मी तरी पाहिला नाही.

तुमच्यासाठी यातला कुठलाच नको. गाड्यांत जीपीएस नाही, वेग मोजायची सोय नाही, आणि मारुती ८०० चा काटा कधीचा बंद असेल. तुम्ही लाल झेंडा वापरा. काही झालं की लाल झेंडा, सगळे हळू करत जागच्या जागी कडेला थांबतील, घड्याळ थांबेल. गाडी हलवली की आधीच्या लॅपच्या क्रमाने रांग लावून पुन्हा सुरू. प्रेक्षकांना कंटाळा येईल, दहा मिनिटं जातील, पण मार्शल निर्धास्त काम करतील आणि कोणाची आघाडी गेली यावर संध्याकाळी भांडण होणार नाही. लॅपचा क्रम लिहायला दोन वेगवेगळ्या माणसांना दोन वह्या द्या, शेजारी बसवू नका.

सुरुवातही सरळ ठेवा. ड्रायव्हरांनी धावत येऊन गाडीत बसायची जुनी ल माँची पद्धत फोटोत छान दिसते, आणि तुमच्या यादीत ती आहे. १९६९ ला जॅकी इक्स त्या पद्धतीच्या निषेधार्थ चालत गाडीपर्यंत गेला, नीट पट्टा बांधला आणि सगळ्यांत शेवटी निघाला. त्याच पहिल्या लॅपमध्ये जॉन वुल्फ पोर्शे ९१७ मध्ये मारला गेला, पट्टा बांधलेला नव्हता. इक्सने चोवीस तासांनी ती शर्यत जेमतेम सव्वाशे मीटरच्या आत-बाहेरच्या फरकाने जिंकली. पुढच्या वर्षी ड्रायव्हर आत बसून पट्टे बांधूनच सुटले. त्या यादीतली ती ओळ खोडून टाका.

थकव्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. गणपतीला मुंबईहून रात्री निघून पहाटे कशेडी, चिपळूण, हातखंबा करत गावी पोचणाऱ्या गाड्या माझ्या गॅरेजला येतात. सगळ्या ठोकरा शेवटच्या पन्नास किलोमीटरमधल्या असतात, घर जवळ आलं की माणूस ढिला पडतो. शर्यतीत हेल्मेट, बंद काच, दमट हवा आणि केबिनमधली इंजिनाची धग यात माणूस अर्ध्या तासात चिंब होतो. पाणी कमी पडलं की नजर आधी ढिली पडते, आणि ड्रायव्हरला ते स्वतःला कळत नाही. ल माँला सहा तासांच्या कुठल्याही अवधीत एका ड्रायव्हरला चार तासांहून जास्त चालवता येत नाही आणि एकूण चौदा तासांहून जास्त नाही. हा नियम नव्हता तेव्हा, १९५२ ला, याच लवेगने जवळजवळ पूर्ण शर्यत एकट्याने चालवली. मोठ्या आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात इंजिन गेलं. तुम्ही एका वेळी चाळीस मिनिटं ठेवा, दोन पाळ्यांमध्ये तेवढीच विश्रांती, आणि उतरलेल्या ड्रायव्हरने सावलीत बसून पाणी प्यायल्याशिवाय पुढच्या पाळीला नाव द्यायचं नाही. यामुळे चुरस वाढते, कमी होत नाही. तीन ड्रायव्हर सारखे तयार करणारा संघ एका हिरोवर अवलंबून असलेल्या संघाला हरवतो.

गाड्या सारख्या करण्याबद्दल थोडक्यात. मोठ्या शर्यतीत बॅलन्स ऑफ परफॉर्मन्सवर, म्हणजे वजन आणि ताकद वरून ठरवून गाड्या सारख्या करण्यावर, कायम तक्रारी असतात, कारण संघ खरा वेग लपवतात. तुमच्याकडे मोजमाप करणारे इंजिनिअर नाहीत. सराव लॅपवरून तीन वर्ग करा आणि प्रत्येक वर्गाला एक किमान लॅपवेळ द्या. त्याहून जलद लॅप मारला तर तो मोजायचा नाही. सरावात हळू चालवून खालच्या वर्गात घुसणाऱ्याचा डाव तिथेच संपतो, आणि वर्गांमधला वेगाचा फरक तुमच्या हातात राहतो.

आता सड्याचं. कडेच्या जुन्या चिरेखाणी मी पाहिल्यात, सरळ खाली वीस-वीस फूट, काठाला गवत. गाडी ताब्यातून सुटली तर जिकडे जाईल त्या दिशेला एकही खाण नको. टायरची रांग लावून भागणार नाही, ट्रॅकच तिकडून उचला. आपल्या भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ ला त्यांतली काही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, आणि मातीखाली न सापडलेली असतील. ट्रॅक आखण्याआधी जाणत्या माणसाला घेऊन सडा पायी फिरा. सातबाऱ्यावर सामाईक नावं किती आहेत ते बघा, सगळ्यांच्या सह्या लागतील. किनाऱ्यावर घ्यायचा पर्याय तुम्ही लिहिलाय तो सोडून द्या.

वणवा. डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत कोळपलेलं असतं. तापलेला सायलेन्सर त्यावर दोन मिनिटं उभा राहिला तरी पेट घेतो, आणि वाऱ्याने ती आग खालच्या काजू-आंब्यात उतरायला वेळ लागत नाही. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंनी आणि पिटभोवती गवत कापून जाळरेषा काढा, पाण्याचा टँकर भरलेला ठेवा. तोच टँकर आदल्या संध्याकाळी आणि सकाळी ट्रॅकवर मारा, धूळ बसेल. पेट्रोल भरताना इंजिन बंद, ड्रायव्हर बाहेर, शेजारी पिन काढलेला अग्निशामक हातात धरून एक माणूस. त्याला दुसरं कुठलंही काम नाही.

प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नकोत. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो, धूळ पूर्वेला जाते. पश्चिमेला जिथे उंचवटा आहे तिथे, ट्रॅकपासून लांब, दोर बांधून एकच जागा द्या. गावातली मंडळी दोर ओलांडतील, म्हणून तिथे तुमच्यापैकी कोणी नको. ज्याचा शब्द गावात मानतात असा वडीलधारा माणूस उभा करा. तो म्हणाला ‘मागे व्हा रे’ की लोक होतात.

अ‍ॅम्ब्युलन्स एक नाही, दोन. एक जखमीला घेऊन निघाली की दुसरी असेपर्यंतच शर्यत चालू राहील. ती गेली की लाल झेंडा. आदल्या आठवड्यात त्याच गाडीतून सड्यापासून रुग्णालयापर्यंत शर्यतीच्याच वेळी जाऊन बघा, घाटरस्त्याला आणि बाजाराच्या दिवशी किती वेळ लागतो ते कळेल. आणि फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाशी आधी बोला. देशात मोटर स्पोर्टला मान्यता देणारी संस्था तीच आहे. परवानगी, विमा, ड्रायव्हरांचे परवाने, रोल केजची (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणाऱ्या लोखंडी सांगाड्याची) तपासणी, सगळं त्यातून मार्गी लागतं. ते नसेल तर मी मार्शल शिकवायला येणार नाही, हे आधीच सांगतो.

ते करणार असाल तर मात्र नक्की येईन. मला आधी सड्याचा नकाशा पाठवा: उत्तर दिशा, चिरेखाणी, विहिरी, गडग्यांच्या रेषा, गाडीरस्ता कुठून वर येतो ते, आणि दुपारी चार वाजता प्रत्येक वळणावर उभं राहून सूर्याकडे तोंड करून काढलेले फोटो. पिटची बाहेर पडायची वाट बदलून काढा. मार्शल व्हायला तयार असलेली बारा-पंधरा पोरं-पोरी गोळा करा, ज्यांना त्या दिवशी गाडी चालवायची नाही अशी.